ॲक्टिव्हेट झालंय म्हणजे लायसन आहे असं नाही

मागच्या आठवड्यात एक काका लॅपटॉप घेऊन आले, म्हणाले लय स्लो झालाय, फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या, आणि दुकानाच्या पायरीवरनं परत वळून म्हणाले, "ऑफिस, फोटोशॉप, टॅली, जे काय असतं ते सगळं टाका हां, मागच्या वेळी त्या पोरानं फुकट टाकून दिलेलं." सांगलीत दुकान टाकून मला १४ वर्षं झाली आणि हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. काकांची यात चूक आहे असं मला वाटत नाही, त्यांच्या हिशोबात सॉफ्टवेअर मजुरीतच येतं, पंक्चर काढताना सोल्यूशनचे पैसे कुणी वेगळे देत नाही तसं. त्यांना असं वाटायला लावलं ते आम्हीच, रिपेअरिंगवाल्यांनी. म्हणून पायरेटेड सॉफ्टवेअर मशिनमध्ये काय करतं, कायदा काय म्हणतो आणि असं मशिन टेबलावर आलं की टेक्निशियननं काय करावं हे एकदा नीट लिहून काढतोय, नवीन दुकान टाकणाऱ्या पोरांना उपयोगी पडेल आणि गिऱ्हाइकांनाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे, ती बसली की बाकीचं सोपं आहे. आपण म्हणतो सॉफ्टवेअर विकत घेतलं, पण घेतो तो वापरायचा परवाना. बाजारात गाळा भाड्यानं घेतल्यासारखं समजा. गाळ्याचा करार तुमच्या नावावर असतो आणि कुलपाची किल्ली खिशात असते. किल्ली हरवली तर करार दाखवून मालकाकडनं दुसरी मिळते. पण करार नसताना कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडनं कुणी डुप्लिकेट किल्ली करून आणली आणि फिरवली, तर कुलूप बिचारं काय ओळखणार, ते उघडतं. ॲक्टिव्हेशन म्हणजे ते कुलूप उघडणं आणि लायसन म्हणजे करार. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'ॲक्टिव्ह' असं दिसलं की लोक म्हणतात आमचं ओरिजिनल आहे, पण त्या शब्दाचा अर्थ एवढाच की कुलूप उघडं आहे, किल्ली अस्सल की डुप्लिकेट ते त्यावरनं कळत नाही.

आता करार किती प्रकारचे ते बघू. घरातल्या आणि दुकानातल्या मशिनवर तीन प्रकार भेटतात. ओईएम म्हणजे लॅपटॉपबरोबर कंपनीतनंच येतं ते. रिटेल म्हणजे तुम्ही वेगळे पैसे देऊन घेतलेलं, जे जुन्या मशिनवरनं काढून नव्यावर नेता येतं. आणि व्हॉल्यूम म्हणजे मोठ्या कंपन्या, कॉलेजं, सरकारी ऑफिसं एकदम शेकड्यानं घेतात ते. आपल्याकडचा जवळपास सगळा घोळ पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात होतो, रिटेल घेतलेला माणूस माझ्या दुकानात वर्षातनं एखादा येतो.

ओईएम लायसन मदरबोर्डाला बांधलेलं असतं. विंडोज ७ पर्यंत लॅपटॉपच्या पोटाला की छापलेला स्टिकर असायचा, तो मांडीवर घासून घासून पुसला जायचा आणि आम्ही भिंग लावून अक्षरं वाचत बसायचो. विंडोज ८ आलं, म्हणजे २०१२ पासून, ती की बोर्डावरच्या बायोस चिपमध्येच लिहून यायला लागली. याचा फायदा फार कमी लोकांना माहीत आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरनं साधा ओरिजिनल आयएसओ, म्हणजे विंडोज टाकायची अख्खी फाइल, फुकट डाउनलोड करायचा, पेनड्राइव्हवर टाकायचा आणि इन्स्टॉल सुरू करायचं, सेटअप बोर्डातली की स्वतःच वाचतो, एडिशन कुठलं पाहिजे असं विचारतसुद्धा नाही, ज्या एडिशनची की आहे तेच टाकतो आणि नेट जोडलं की विंडोज आपोआप ॲक्टिव्ह. एक रुपया खर्च नाही आणि क्रॅकची, म्हणजे लायसन नसताना कुलूप उघडून देणाऱ्या जुगाडाची, गरजच नाही. विंडोज भरून आलेला कुठलाही ब्रँडेड लॅपटॉप गेल्या १०-१२ वर्षांत घेतला असेल तर हे त्याला लागू होतं.

आणि इथंच आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय आडवी येते. बऱ्याच दुकानांत एक तयार पेनड्राइव्ह असतो, त्यात विंडोज प्रो, ऑफिस, फोटोशॉप, कोरल सगळं आधीच भरून क्रॅक करून ठेवलेलं असतं, ती इमेज मारली की २० मिनिटांत मशिन तयार. ओरिजिनल पद्धतीनं करायचं तर विंडोज, ड्रायव्हर, अपडेट यात दोन-अडीच तास जातात. म्हणून होतं असं, की गिऱ्हाइकाच्या बोर्डात त्यानं पैसे मोजून घेतलेलं विंडोज होमचं, म्हणजे घरगुती एडिशनचं, लायसन तसंच पडून राहतं आणि त्याच मशिनवर चोरीचं प्रो चालतं. गिऱ्हाइकाला प्रोचा काडीचा उपयोग नसतो. त्याच्याकडं स्वतःचं असताना आपण त्याला चोरीचं दिलं, ते पण मजुरी घेऊन. मला या धंद्यातली सगळ्यात जास्त चीड याच गोष्टीची येते.

काकांच्या लॅपटॉपचं हेच झालेलं. कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएलएमजीआर, मग स्पेस, मग स्लॅश डीएलआय टाईप केलं की एक छोटी खिडकी येते, तिच्यात लायसनचा चॅनल लिहिलेला असतो. बोर्डातल्या कीनं चालत असेल तर ओईएम डीएम दिसतं, काकांच्या खिडकीत व्हॉल्यूम केएमएस क्लायंट दिसलं. सांगलीतल्या एका रिटायर्ड मास्तरांच्या लॅपटॉपवर कुठल्या कंपनीचं व्हॉल्यूम लायसन येणार. मग बायोसमधली की वाचून बघितली तर आत होम सिंगल लँग्वेजची अस्सल की जशीच्या तशी. काकांना बोलावून दोन्ही स्क्रीन दाखवल्या. ते म्हणाले, "म्हणजे माझं होतं ते काढून मला दुसऱ्याचं घातलं?" याच्यापेक्षा सोप्या भाषेत मलापण सांगता आलं नसतं. प्रोवरनं होमवर सरळ खाली उतरता येत नाही, त्यामुळं डेटा बाहेर काढला आणि होम नव्यानं टाकलं, ॲक्टिव्हेशन आपोआप झालं.

ऑफिसचं पण असंच असतं. आपल्याकडं विकले गेलेले बरेच लॅपटॉप ऑफिस होम अँड स्टुडंट बरोबर घेऊनच आलेले असतात, कायमचं, सबस्क्रिप्शन नसलेलं. पण ते बोर्डाला बांधलेलं नसतं, पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं उघडलं त्याला चिकटतं. घेतला तेव्हा पोरानं स्वतःच्या ईमेलनं उघडलं, पोरगं पुण्याला नोकरीला गेलं, इकडं फॉरमॅट झाला, ऑफिस गेलं, मग टेक्निशियननं क्रॅक टाकलं, असा साधारण प्रवास असतो. म्हणून फॉरमॅट मारायच्या आधी विचारायचे प्रश्न दोनच: बरोबर ऑफिस आलं होतं का, आणि पहिल्यांदा कुणाच्या ईमेलनं चालू केलं. काकांच्या मुलाला फोन लावला, त्यानं अकाउंटमध्ये जाऊन बघितलं तर ऑफिस तिथं होतं. एका फोनचं काम.

बोर्डाला बांधलेलं असण्याची दुसरी बाजू सांगलीनं २०१९ च्या ऑगस्टमध्ये बघितली. कृष्णेचं पाणी इर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, दुकानं, दवाखाने, क्लासेस सगळं पाण्याखाली, आणि पाणी उतरल्यावर चिखलानं भरलेले सीपीयू पोत्यात घालून लोक आमच्याकडं आले. हार्ड डिस्क बऱ्याच वाचल्या, बोर्ड गेले. वॉरंटीत कंपनीनंच बोर्ड बदलून दिला तर ओईएम लायसन पुढं चालतं, पण बाजारातला दुसरा बोर्ड बसवला की ते लायसन त्या जुन्या बोर्डाबरोबर संपलं. त्या दिवसांत माझ्या दुकानातनंही क्रॅक विंडोज टाकून मशिन गेली. घर धुवून दमलेल्या माणसाला आणखी काही हजारांचं लायसन घ्या म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी तेव्हा त्यांना निदान खरं काय ते सांगून ठेवायला पाहिजे होतं, तेही सांगितलं नाही, ही गोष्ट मला आजही लागून राहिलीय.

आता व्हॉल्यूमवाल्या क्रॅकचं आतलं काम समजून घेऊ, कारण बहुतेक मशिनवर हाच असतो. एखाद्या कंपनीत ५०० मशिन असतील तर प्रत्येकात बसून की टाकणं शक्य नाही, म्हणून कंपनीच्या नेटवर्कमध्ये एक सर्व्हर ठेवतात, त्याला केएमएस म्हणतात. सगळी मशिन त्याच्याकडं जाऊन विचारतात, मी आपल्यातलाच ना, आणि तो हो म्हणतो. हे हो १८० दिवस टिकतं. मशिन दर ७ दिवसांनी परत विचारायला जातं आणि परत हो मिळालं की १८० दिवस पहिल्यापासनं मोजायला लागतात. नेटवर्कमध्ये किमान २५ मशिन असल्याशिवाय खरा सर्व्हर विंडोजला हो म्हणतच नाही. क्रॅक काय करतं, तर तुमच्याच मशिनच्या पोटात एक खोटा सर्व्हर उभा करतं जो कुणी काहीही विचारलं तरी हो म्हणतो, आणि तो जिवंत राहावा म्हणून टास्क शेड्युलरमध्ये स्वतःची नोंद करून ठेवतं. अँटिव्हायरसनं मधेच तो उडवला की सहा महिन्यांच्या आत स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' यायला लागतं आणि गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही टाकलेलं विंडोज संपलं. होम एडिशनला व्हॉल्यूम लायसन हा प्रकारच नाही, म्हणून त्या तयार पेनड्राइव्हवर नेहमी प्रोच असतं.

हे ओळखायला एसएलएमजीआर स्पेस स्लॅश एक्सपीआर टाका, केएमएस असेल तर कुठल्या तारखेला संपणार ते दिसतं. पण उलटं धरू नका. तिथं 'पर्मनंट' दिसलं म्हणजे सगळं चोख असं होत नाही, काही नव्या क्रॅकमध्येही पर्मनंटच दिसतं. करार आहे का हे बिल, बॉक्स, अकाउंट किंवा बोर्डातली की बघूनच कळतं.

ऑनलाइन ३००-५०० रुपयांना मिळणाऱ्या कीबद्दल पण सारखं विचारतात. की चालते, ॲक्टिव्हेट होतं, कधी कधी बिल पण मिळतं, मग यात वाईट काय. त्यातल्या बऱ्याच की म्हणजे कुणातरी संस्थेची व्हॉल्यूम की एकेकाला सुट्टी विकलेली असते, नाहीतर भंगारात गेलेल्या मशिनच्या की असतात. परत तेच, किल्ली मिळाली, करार मिळाला नाही. मायक्रोसॉफ्टला अशी की जास्त ठिकाणी दिसली की बंद करतात आणि विकणाऱ्यानं तोपर्यंत दुकानाचं नाव बदललेलं असतं. एवढी स्वस्त असेल तर मी गिऱ्हाइकाला सांगतो की हे ५०० रुपये घालवायच्या ऐवजी तुमच्या बोर्डात काय आहे ते आधी बघूया.

आता धोक्याकडं येतो. कुठलंही क्रॅक चालवायच्या आधी त्याच्या सूचनेत पहिली ओळ काय असते? अँटिव्हायरस बंद करा. दुसरी, राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. म्हणजे घराचं दार उघडायचं, राखणीचं कुत्रं बांधून ठेवायचं आणि अनोळखी माणसाच्या हातात तिजोरीची किल्ली द्यायची. वर बरीच क्रॅक डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या, एक्सक्लूजन लिस्टमध्ये अख्खा फोल्डर घालून ठेवतात, म्हणजे यापुढं त्या फोल्डरमध्ये काहीही येऊन बसलं तरी तिकडं बघायचं नाही असा कायमचा हुकूम. होस्ट फाइलमध्ये ओळी घालतात, म्हणजे मशिननं कंपनीच्या सर्व्हरला फोन लावलाच तर तो लागूच नये. रिपेअरिंगला आलेल्या मशिनमध्ये मी या दोन जागा आधी उघडून बघतो, डिफेंडरचं एक्सक्लूजन आणि होस्ट फाइल, तिथं मशिनचा सगळा इतिहास वाचायला मिळतो.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एक प्रसंग सांगतो. २०२० च्या सुरुवातीला, लग्नसराईत, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारे एक डीटीपीवाले दादा सीपीयू उचलून घेऊन आले, चेहरा उतरलेला. डेस्कटॉपवर सगळ्या फाइल पांढऱ्या झालेल्या, कोरलच्या फाइलींच्या नावापुढं चार अक्षरांचं कसलंतरी नवीन एक्स्टेन्शन चिकटलेलं, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक टेक्स्ट फाइल. त्यात लिहिलेलं, ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, ४९०. म्हणजे त्या वेळचे साधारण ३५ हजार रुपये. ह्या व्हायरसच्या घराण्याला स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात, २०१८ पासनं फिरतोय आणि त्याचा पसरायचा मुख्य रस्ताच क्रॅक आणि की जनरेटर हा आहे. दादांनी आदल्या संध्याकाळी एका प्लगइनचा क्रॅक उतरवून चालवला होता. त्यांनी सांगितलं, "रात्री विंडोज अपडेट चालू झालं म्हणून मी मशिन तसंच ठेवून जेवायला गेलो." ते अपडेट खरं नव्हतं. हा व्हायरस विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवतो आणि तिच्यामागं फाइली लॉक करत बसतो, माणूस बंद करायला घाबरतो आणि त्याला वेळ मिळतो. शिवाय येताना बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा एक जोडीदार बरोबर आणतो, म्हणजे फाइली गेल्याच, वर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले बँकेचे, मेलचे पासवर्डपण गेले.

एम्सिसॉफ्ट नावाच्या कंपनीनं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये याच्या जुन्या १४८ प्रकारांसाठी फुकट डिक्रिप्टर, म्हणजे लॉक झालेल्या फाइली सोडवणारा प्रोग्रॅम, काढलाय, आम्ही तो लावून बघितला. पण लॉक करताना व्हायरसला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं असेल तर प्रत्येक मशिनची चावी वेगळी बनते आणि ती गुन्हेगाराकडंच असते, दादांचं तसंच झालेलं. एकच फट सापडली. हा व्हायरस घाईत असतो, म्हणून मोठ्या फाइलचा फक्त सुरुवातीचा साधारण १५० केबी भाग लॉक करतो. त्यामुळं लग्नाचे काही मोठे व्हिडिओ दुरुस्त करून मिळाले, कोरलच्या छोट्या फाइली मात्र गेल्या त्या गेल्या, ६ वर्षांची डिझाइनं. दादांना पैसे भरू नका असं मी सांगितलं, त्यांनी भरले नाहीत. त्या रात्री साडेअकरापर्यंत आम्ही त्यांच्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेले पीडीएफ शोधून डाउनलोड करत होतो.

तो क्रॅक मी दिला नव्हता. पण त्यांच्या मशिनवरचं कोरल कधीकाळी माझ्यासारख्याच कुठल्यातरी दुकानातनं तसंच टाकून मिळालेलं, आणि अँटिव्हायरस बंद करून 'पॅच' चालवायचा असतो हे त्यांना तिथूनच शिकायला मिळालेलं. आणि खरं विचारायचं तर आमच्या पेनड्राइव्हवरची क्रॅक येतात कुठून? एका टेक्निशियनकडनं दुसऱ्याकडं, टेलिग्रामवरनं, टॉरेंटवरनं. आत काय लिहिलंय ते आमच्यातल्या कुणीच वाचलेलं नसतं. ज्या औषधाच्या बाटलीवर लेबल नाही ते आम्ही विश्वासानं आलेल्या माणसाला पाजतो.

कायद्याचं थोडक्यात पण नीट सांगतो. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीच्या व्याख्येत येतो, म्हणजे कादंबरीला जे संरक्षण तेच विंडोजला. कलम ६३ब वापरणाऱ्याबद्दल आहे: पायरेटेड आहे हे माहीत असून जाणूनबुजून वापरलं तर कमीत कमी ७ दिवस ते जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. पण त्याच कलमात सूट आहे, की धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. म्हणजे घरात प्रोजेक्ट करणारं पोरगं आणि त्याच सॉफ्टवेअरवर रोज बिलं फाडणारं ऑफिस यात कायदा फरक करतो. टेक्निशियनला मात्र ही सूट वापरायला जागा नाही, कारण आपण मजुरी घेतो. आपल्याला लागू होतं ते कॉपीराइटचा भंग केल्याबद्दलचं कलम ६३, सहा महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, आणि हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं, त्यात कॉपीराइटच्या संरक्षणासाठी लावलेलं कुलूप तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आहे. पोलिसांत सब-इन्स्पेक्टर आणि त्यावरच्या हुद्द्याचा अधिकारी कलम ६४ खाली वॉरंट नसतानाही माल जप्त करू शकतो, आणि दुकानात जप्ती झाली की रिपेअरिंगला आलेली लोकांची मशिनपण त्यात अडकायची भीती असते, हे नवीन पोरांनी लक्षात ठेवावं.

लोक म्हणतील सगळेच वापरतात. खरंय, बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्याच संघटनेनं २०१८ च्या अहवालात भारतातलं बिनपरवाना सॉफ्टवेअरचं प्रमाण ५६ टक्के सांगितलेलं. घराघरात कुणी धाड टाकायला येत नाही, हे पण खरं. पण इंजिनिअरिंग, आर्किटेक्ट, डिझाइनच्या फर्मना कंपन्यांच्या नोटिसा येतात, आणि कोर्टानं नेमलेला कमिशनर ऑफिसात येऊन एकेक मशिन तपासतो असेही प्रकार होतात. तेव्हा मालक पहिला प्रश्न विचारतो, हे टाकलं कुणी.

मग असं मशिन आलं की करायचं काय? माझी पद्धत सांगतो, ती एकमेव बरोबर आहे असं नाही. पोलिसगिरी करायची नाही. गिऱ्हाईक स्क्रीन तुटली म्हणून आलंय तर स्क्रीन बदलायची, त्याच्या फोटोशॉपवरनं चार लोकांसमोर प्रवचन द्यायचं नाही, आणि स्वतःच्या मनानं उडवायचं तर अजिबात नाही, मशिन त्याचं आहे. पण माझ्या हातानं क्रॅक टाकायचं नाही, चालू नसलेलं क्रॅक दुरुस्त करून द्यायचं नाही. एसएसडी बसवताना पण विचार करायला लागतो, कारण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हासुद्धा कॉपी करण्याचाच भाग आहे, जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन केली तर ती कॉपी माझ्या हातून झाली. म्हणून मी नवीन विंडोज टाकून फक्त डेटा हलवतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉरमॅटच्या आधी बोलायचं. परत न मिळणारं काय काय आहे ते आधी सांगितलं तर गिऱ्हाईक समजून घेतं, नंतर सांगितलं तर ते फसवणूक समजतं, आणि त्याचं बरोबर असतं.

बोलताना एकच प्रश्न कामाला येतो: हे तुम्ही कशासाठी वापरता? कॉमर्सच्या पोरीला टॅली शिकायचंय, तिला क्रॅक कशाला, टॅलीत एज्युकेशनल मोड फुकट आहे, त्यात महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटची तारीख एवढ्याच तारखांना एंट्री होते, सरावाला तेवढं पुरतं. ज्याचा जीएसटीचा धंदाच टॅलीवर आहे त्यानं मात्र लायसन घ्यावं, तिथं मी आग्रह धरतो, कारण लायसनशिवाय अपडेट आणि ऑनलाइन सोयी मिळत नाहीत आणि वर्षभराचा हिशोब क्रॅकच्या भरवशावर ठेवणं म्हणजे काय ते वर सांगितलंच. पत्र, अर्ज, हिशोबाला लिब्रेऑफिस, फोटोला गिंप, व्हेक्टरला इंकस्केप, घराचा नकाशा काढायला लिब्रेकॅड. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुनी मशिन ११ ला चालत नाहीत, त्यातल्या फक्त ब्राउझर आणि यूट्यूबवाल्यांना मी लिनक्स मिंट टाकून देतो, तक्रार घेऊन फार कोणी परत आलेलं नाही.

डीटीपीवाल्यांना मात्र मी हे इतक्या सहज सांगत नाही, कारण त्यांची अडचण खरी आहे. मराठी पत्रिकांचा वर्षानुवर्षांचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अडकलेला असतो, तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर उघडला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. अशा माणसाला इंकस्केप वापरा म्हणणं म्हणजे त्याचं दुकान बंद करा म्हणणं. त्या दादांनी शेवटी डिझाइनच्या एका मशिनपुरतं लायसन घेतलं, बिलिंगच्या मशिनवर लिब्रेऑफिस टाकलं, आणि नवीन मजकूर युनिकोडमध्ये टाईप करायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी एका एक्स्टर्नल डिस्कवर बॅकअप घेतात आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवतात, जोडून ठेवत नाहीत.

काका शनिवारी लॅपटॉप न्यायला आले. फोटोशॉप कशाला लागायचं विचारलं तर नातवाचे पासपोर्ट फोटो एका कागदावर ८ बसवायला, ते गिंपमध्ये कसं करायचं ते दाखवलं, दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं. टॅली लागायचं सोसायटीच्या मेंटेनन्सला, महिन्याच्या ४० एंट्री, त्यासाठी लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये एक शीट करून दिली. बिलावर मी आता तीन ओळी वेगळ्या लिहितो, मजुरी किती, सॉफ्टवेअर कुठलं टाकलं, आणि त्याचं लायसन कुठलं. काकांच्या बिलावर तिसऱ्या ओळीत लिहिलं, विंडोज ११ होम, लॅपटॉपबरोबर आलेलं, मालकाचं स्वतःचं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं की मुलाच्या ईमेलचा तो ऑफिसवाला पासवर्ड पण याच कागदावर मागं लिहून ठेवू का, तर मी म्हटलं, तो तेवढा घरातल्या डायरीत लिहा.